सरळ शिरोरेषा

वेलांटीकाकांनी गाडी रंगवायला घेतली तेव्हा त्यांच्याकडे गाडी नव्हती, रंगकामाचा अनुभव नव्हता आणि वाहन चालवायचा परवानाही नव्हता. गाडी काकूंची होती. परवानाही काकूंचाच होता. अनुभवाचं काय, तो काम करता करता येतोच, असं काकांचं म्हणणं होतं, आणि ते खरंही ठरलं. फक्त तो येईपर्यंत काम संपलेलं होतं.

काकांना सगळी सोसायटी वेलांटीकाका म्हणते. एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून त्यांची हयात गेली. पुस्तक छापून बाहेर पडण्याआधी त्यातल्या चुका वेचून काढायच्या, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर घरात चुका पुरेनाशा झाल्या. (बायको बहुतेक वेळा बरोबर असते, ही संसारातली एक मोठीच गैरसोय आहे.) म्हणून ते जिन्याखालच्या सूचना फलकाकडे वळले. 'उद्या पाणि येणार नाही' अशी सूचना लागली की इतर लोक बादल्या भरायला पळत आणि काका लाल पेन आणायला. तिथली पहिली वेलांटी त्यांनी दुसरी केली त्या दिवशी त्यांना हे नाव चिकटलं, आणि सूचना लिहिणारे सेक्रेटरी त्या दिवसापासून त्यांच्याशी फक्त फलकामार्फत बोलू लागले.

काकूंचं काम वेगळं. त्यांनी कितीतरी वर्षं शाळेची व्हॅन चालवली. मागे डबे, दप्तरं आणि रडारड, पुढे बेशिस्त गर्दी, आणि मधे काकू शांतपणे गिअर बदलतायत, हे दृश्य आमच्या रस्त्याला पाठ होतं. एके दिवशी त्यांनी ती नोकरी सोडली आणि बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल काढायचं ठरवलं. पांढरी, जुनी पण धडधाकट अशी एक लहान गाडी घेतली. शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक बसवून घेतला. समोरच्या इमारतीतल्या शिक्षिका बाईंनी तर गाडी यायच्या आधीच नाव नोंदवलं. त्यांच्याकडे परवाना होता, गाडीही होती, फक्त गाडीने फाटक कसं असतं ते अजून पाहिलेलं नव्हतं.

आता एवढंच राहिलं होतं की परिवहन कार्यालयाने गाडी तपासायची आणि स्कूलला मान्यता द्यायची. तारीख मिळाली होती. ती चुकली तर पुढची कधी, हे कार्यालयालाही सांगता येत नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूल तपासणाऱ्या निरीक्षक एकच होत्या आणि त्यांच्याकडे इतकी गावं होती की त्या पुन्हा इकडे फिरकेपर्यंत शिक्षिका बाई निवृत्त झाल्या असत्या. व्हॅनची नोकरी तर सुटलेलीच होती. तेव्हा काकूंचं सगळं त्या एका तारखेवर होतं.

नावाचा प्रश्न घरातच सुटला. काकांनी 'सारथ्य प्रबोधिनी' सुचवलं. काकू म्हणाल्या, ते वाचून होईपर्यंत गाडी पुढे गेलेली असेल. त्यांनी 'धाव' असं नाव काढलं. धाव हे इथे नाम आहे की आज्ञार्थी क्रियापद, असा मुद्दा काकांनी मांडून पाहिला. ते दारावर मावतं, असं काकू म्हणाल्या, आणि अर्जावर 'धाव ड्रायव्हिंग स्कूल' असं लिहूनही मोकळ्या झाल्या.

अर्ज गेला, तपासणीची तारीख आली, आणि गाडीवर नाव घालायचं तेवढं उरलं. काकू स्टिकरवाल्याकडे जाणार होत्या. त्याने दुपारच्या आत दोन्ही दारांवर आणि डिकीवर नाव चिकटवून दिलं असतं आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण काका म्हणाले, "स्टिकर म्हणजे काय, आज आहे उद्या नाही. रंगवूया. मी रंगवतो."

ते असं का म्हणाले हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण इथे ते सांगायला हवं. काकूंच्या या सगळ्या उद्योगात काकांच्या हाताचं असं काहीच नव्हतं. गाडी काकूंनी पारखली, ब्रेक काकूंनी बसवला, विद्यार्थिनी काकूंनी गोळा केल्या. उद्या त्या सकाळी गाडी घेऊन बाहेर पडणार आणि काका गॅलरीत उभे राहून फलकावर नवीन सूचना लागली का ते बघणार. या कल्पनेने त्यांना आतून कसंतरी होत होतं. स्कूलमध्ये आपलं एक तरी काहीतरी असावं, जाता येता लोकांनी बघावं, आणि काकूंनी कधीतरी सहज कुणाला तरी सांगावं की हे ह्यांनी केलंय, एवढीच त्यांची इच्छा होती. काकूंना ती कळली असावी. नाहीतर त्यांनी किल्ली दिली नसती.

शिवाय काकांनी फोनवर एक चित्रफीत पाहिली होती. त्यात एक माणूस गाडीवर टेप चिकटवतो, वरून रंग मारतो आणि मग टेपचं टोक धरून ती अलगद सोलून काढतो. खाली गाडीचा मूळ रंग जसाच्या तसा, आणि दोन रंगांच्या मधली कड अशी, की छापल्यासारखी. ते सोलणं काकांनी इतक्यांदा पाहिलं की काकूंनी विचारलं, तो माणूस अजून ती एकच टेप काढतोय का. पण काकांना त्यात आपलं आयुष्य दिसलं होतं. जे बरोबर आहे ते झाकून सुरक्षित ठेवायचं आणि बाकीच्याला रंग लावायचा, हे तर त्यांनी लाल पेनने जन्मभर केलं होतं.

बेत असा होता. पांढऱ्या गाडीच्या दोन्ही दारांवरून आणि डिकीवरून एक नारिंगी पट्टा. पट्ट्यात पांढरी अक्षरं. म्हणजे आधी गाडीच्या पांढऱ्यावर टेपचीच अक्षरं चिकटवायची, बाकी सगळी गाडी कागदाने झाकायची, मधल्या उघड्या पट्ट्यावर नारिंगी रंग मारायचा आणि मग ती टेप सोलायची. सोललं की खाली पांढरं 'धाव'. ऐकायला हे इतकं सोपं होतं की काकांना स्टिकरवाल्याची दया आली.

बातमी पसरली आणि सल्ले येऊ लागले. वरच्या मजल्यावरचे बँकवाले, ज्यांनी आयुष्यात कर्ज मंजूर करण्यापलीकडे कुठला धोका पत्करला नव्हता, ते म्हणाले रंगकाम कडक उन्हातच करावं. दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, उन्हात मात्र चुकूनही करू नका. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर गाडीभोवती फिरले, दारावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, आधी पृष्ठभाग खरखरीत करून घ्यावा लागेल, नाहीतर काही धरणार नाही. दातातही असंच असतं. टेपची कड नीट दाबली गेली नाही तर रंग आत झिरपणार, आणि एकदा झिरपायला लागलं की मग मुळापर्यंत जातं. त्यांनी टेपची कड दाबायला दवाखान्यातलं एक बोथट हत्यारही आणून दिलं. काकांनी ते पाहिलं आणि त्यांची अक्कलदाढ आपोआप दुखू लागली.

रंगाच्या दुकानदाराला काकांनी विचारलं, वळणाला कुठली टेप. दुकानदार फोनवर बोलत होता. त्याने न बघता दोन प्रकारच्या गुंडाळ्या पुढे सरकवल्या, एक रुंद आणि एक दोरीसारखी बारीक. रुंद सरळ जाते आणि बारीक वळते, एवढं बोलून तो परत फोनवरच्या माणसाला रागवायला लागला. हा पुढच्या सगळ्या प्रकरणाचा पाया आहे. सरळ जाते ती रुंद, वळते ती बारीक.

मग काका परिवहन कार्यालयात गेले, कारण गाडीचा रंग बदलला तर नोंद करावी लागते. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, रंग पूर्ण बदलणार का. काका म्हणाले, नाही, पट्ट्यापुरता. तर मग बदल नाही, असं कारकून म्हणाला. पण पट्टा नारिंगी आहे, असं काका म्हणाले. मग बदल आहे, असं कारकून म्हणाला. शेवटी नोंद झाली ती 'पांढरा व इतर' अशी. आणि आता एकदा नोंद झाली आहे, तेव्हा तपासणीनंतर गाडीवर नव्याने ब्रश जरी लावलात तरी पुन्हा पहिल्यापासून सगळं, असं त्याने बजावून सांगितलं. 'व' आणि 'इतर' यांच्यामध्ये जागा सुटलेली नव्हती. ती काकांनी दाखवून दिली आणि कारकुनाने त्यांना पुन्हा रांगेच्या शेवटी पाठवलं.

प्रत्यक्ष काम मात्र झकास सुरू झालं. काकांनी गाडी धुतली, पट्ट्याच्या जागेची चकाकी पॉलिश पेपरने घासून मोडली, आणि अक्षरं चिकटवायला बसले. बारीक टेपने त्यांनी ध, व, ड, य ही सगळी वळणं घेतली. ती काही फार बरी निघाली नाहीत. ध च्या डोक्यावरची गाठ तर टेपला काही केल्या जमेना, तेव्हा ती त्यांनी सोडून दिली. पण रुंद टेपने शिरोरेषा मात्र अशी मारली, की पाहत राहावं. 'धाव' च्या या टोकापासून 'स्कूल' च्या त्या टोकापर्यंत एकच अखंड पट्टी, कुठे जोड नाही, कुठे पोक नाही. बँकवाल्यांनी एक डोळा मिटून पाहिलं आणि ओळ सरळ आहे असं जाहीर केलं. डॉक्टरांनीही पाहिलं. काकूंनीही पाहिलं आणि छान दिसतंय म्हणाल्या. पांढऱ्या गाडीवर फिकट टेप होती, आणि तिथे काय लिहिलंय ते सगळ्यांना आधीच माहीत होतं, त्यामुळे ते वाचायची गरज कुणालाच वाटली नाही. काकांनी दुसऱ्या दारावरही तशीच रेघ मारली आणि डिकीवरही.

उरलेली गाडी झाकायला त्यांनी वर्तमानपत्रं वापरली. रद्दीचा ढीग घरात होताच. काका प्रत्येक अंकातल्या चुका खुणा करून जपून ठेवत. बॉनेटवर, टपावर, काचांवर, चाकांवर वर्तमानपत्रं लागली आणि गाडी वाचनालयासारखी दिसू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी रंग मारायचा होता.

सकाळी फलकावर सूचना होती. 'आवारात वाहनावर रंगकाम करण्यास सक्त मनाइ आहे. कमिटीची परवानगि घ्यावी.' काकांनी ती वाचली, आणि आता त्यांनी शहाण्यासारखं गप्प बसायला हवं होतं. सेक्रेटरी जिन्यातच उभे होते. पण हात खिशाकडे गेला. 'मनाई' नीट झाली, 'परवानगी' नीट झाली, आणि कमिटीची बैठक गणसंख्येअभावी पुढे गेली. मग आणखी पुढे गेली. काका घरोघर जाऊन सभासदांना बैठकीला या म्हणून विनवत होते आणि सेक्रेटरी त्याच घरांत जाऊन चहा पीत होते.

तोवर गाडी उन्हात उभी होती. टेप उन्हात तापत होती, आणि टेप फार दिवस तापली की तिचा डिंक गाडीला कायमचा धरतो, ही गोष्ट चित्रफितीतल्या माणसाने बहुधा पुढच्या भागासाठी राखून ठेवली होती. शिवाय लोक गाडी वाचू लागले. येता जाता कुणी टपावरचे अग्रलेख वाची, कुणी वाकून चाकापाशी बाजारभाव बघी. बॉनेटवर शब्दकोडं होतं. ते कुणीतरी बॉलपेनने, दाबून, पूर्ण सोडवलं. काकांच्या लक्षात आलं की एक आडवा शब्द चुकलाय. त्यांनी तोही दाबूनच दुरुस्त केला. कागदाखाली बॉनेट आहे हे त्यांना दुरुस्ती झाल्यावर आठवलं.

परवानगी मिळाली ती तपासणीच्या आदल्या दिवशी. काकू सकाळपासून मधेच गॅलरीत येऊन गाडीकडे बघत आणि आत जात. काकांनी तोंडाला फडकं बांधलं, स्प्रेचा डबा हलवला आणि दाराजवळ उकिडवे बसले. वारा होता. बँकवाल्यांनी वारा अडवायला जुनी चादर धरली आणि वारा दुसऱ्या बाजूने यायला लागला, तेव्हा ते दुसऱ्या बाजूला गेले, तोवर वारा परत आला. पट्टा नारिंगी झाला, यात शंकाच नाही. चादर झाली, बँकवाले कोपरापर्यंत झाले, आणि पलीकडे सेक्रेटरींची पांढरी स्कूटर उभी होती, तिची सीटसुद्धा हलकेच झाली. सेक्रेटरी खाली आले, सीटकडे बघितलं, आणि तडक सूचना लिहायला वर गेले.

रंग वाळू द्यावा लागतो. टेप सोलायचा तो सुखाचा क्षण दुसऱ्या दिवशी सकाळी आला. काकूंना कार्यालयात निघायचंच होतं. त्या साडी ठाकठीक करून, कागद घेऊन खाली आल्या. काकांनी टोक धरलं आणि ओढलं. टेप निघाली नाही, फाटली. पुन्हा धरलं, पुन्हा फाटली. शेवटी नखाने, डॉक्टरांच्या हत्याराने, कोमट पाण्याने, चिंध्या चिंध्या करत ती निघाली. मागे चिकट डिंक राहिला, त्यावर धूळ बसली. कागद काढले तर रंगाच्या दर्पाने वर्तमानपत्राची शाई विरघळून गाडीवर उतरलेली. डाव्या चाकाच्या वर उलट्या अक्षरात 'भाड्याने देणे आहे' स्वच्छ वाचता येत होतं, आरशात. बॉनेटवर शब्दकोड्याचे चौकोन उमटले होते आणि काकांनी दुरुस्त केलेला शब्द त्यात सगळ्यात खोल होता.

पण पट्टा होता. नारिंगी पट्ट्यात पांढरी अक्षरं होती. काकांनी एक पाऊल मागे घेतलं आणि काकूंकडे बघितलं. आता त्या काहीतरी म्हणतील, म्हणून ते थांबले.

काकू दाराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, हे जरा मोठ्यानं वाचा."

"धाव ड्रायव्हिंग स्कूल," काका म्हणाले.

"परत वाचा."

"धाव ड्रायव्हिंग स्कूल."

"अक्षर वाचा. मनातलं नका वाचू."

काकांनी चष्मा पुसला आणि अक्षर वाचलं. ध ची शिरोरेषा डोक्यावर तुटलेली असते. तेवढ्या एका फटीवर ध हा ध असतो. ती बुजवली की तो घ होतो. काकांची शिरोरेषा कुठेही तुटलेली नव्हती. पांढऱ्याशुभ्र, ठळक, सरळ अक्षरांत दारावर लिहिलं होतं: घाव ड्रायव्हिंग स्कूल. काका पलीकडच्या दाराकडे धावले. तिथेही घाव होता. डिकीवर सगळ्यात मोठा होता.

छापखान्यात असताना काकांनी नवीन माणसांना अनेकदा सांगितलं होतं, की आपण स्वतः लिहिलेलं आपण कधी तपासू नये, कारण तिथे आपल्याला चूक दिसतच नाही. ते वाक्य त्यांना आता शब्दशः आठवलं. त्यातल्या स्वल्पविरामासकट आठवलं. त्यांना बसावंसं वाटलं, पण बसायला जागा फक्त नारिंगी सीटवर होती.

तरी त्यांनी धीर सोडला नाही, आणि तो सोडला असता तर बरं झालं असतं. शिरोरेषेत ध च्या डोक्यावर नारिंगी ठिपका द्यायचा, की फट दिसेल आणि काम भागेल. डब्यातला उरलेला रंग त्यांनी झाकणात उडवला, काडीला कापूस गुंडाळला आणि डाव्या दाराच्या ध वर, म्हणजे घ वर, टेकवला. रंग जास्त होता आणि खाली डिंक होता. ठिपका शिरोरेषेवर थांबलाच नाही, रेघ होती तशीच अखंड राहिली. तो ओघळला, आणि अक्षराच्या पोटातून, खालच्या पांढऱ्या दारावरून, थेट खालपर्यंत आला. आता तिथे नुसता घाव नव्हता, तो वाहतही होता. काका फडक्याने पुसायला निघाले तेव्हा काकूंनी त्यांचं मनगट धरलं.

"पुरे," त्या म्हणाल्या. "बसा गाडीत. उशीर होतोय."

डॉक्टर दवाखाना उघडत होते. त्यांनी गाडी जाताना पाहिली, दार वाचलं आणि नाव लक्षात राहण्यासारखं आहे असं कौतुकाने सांगितलं. वाटेत मागच्या रिक्षावाल्याने आपलं अंतर वाढवलं, हे काकांनी आरशात पाहिलं.

निरीक्षक बाई मऊ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी दुसरा ब्रेक दाबून पाहिला, दिवे पाहिले, काकूंना चढावर गाडी थांबवून पुन्हा काढायला सांगितली. काकूंनी ती अशी काढली की बाईंच्या हातातलं पेनही हललं नाही. बॉनेटवरच्या शब्दकोड्याकडे बाईंनी सभ्यपणे दुर्लक्ष केलं. मग त्या डाव्या दारापाशी थांबल्या.

"ताई, अर्जात धाव लिहिलंय," त्या म्हणाल्या. "इथे काय लिहिलंय?"

"धाव," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही हलला नाही.

बाई वाकल्या. "मला घ दिसतोय. पण मी काही जाणकार नाही. गाडीवरचं नाव आणि अर्जातलं नाव एकच पाहिजे, नाहीतर मला सही करता येत नाही." मग त्यांची नजर काकांच्या खिशातल्या लाल पेनाकडे गेली. "हे कोण?"

"माझे यजमान. छापखान्यात मुद्रितशोधक होते," काकू म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांच्या तोंडावर थोडी आशा आली.

"अरे वा," बाई म्हणाल्या. "मग प्रश्नच मिटला. काका, तुम्ही सांगा. ध आहे की घ? तुम्ही म्हणाल ते मी मानते."

काकूंनी काकांकडे बघितलं. हातानेच काढलंय, ध जरा असा आला, एवढं म्हटलं की झालं. सही होणार, शिक्षिका बाई उद्या फाटकाबाहेर पडणार, सगळं जिथल्या तिथे. काकांनाही हे कळत होतं. त्यांनी तोंड उघडलं ते ध म्हणायलाच. पण समोर अक्षर होतं. ते ठळक होतं, अखंड शिरोरेषेचं होतं, आणि कुणीतरी अधिकृतपणे त्यांना विचारलं होतं, की हे काय आहे.

"घ आहे," काका म्हणाले.

म्हणून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं. बाईंनी मान हलवली. काकूंनी नजर काढून घेतली. काकांना तेव्हा जे वाटलं त्याला हलका शब्द नाही. आपण आपल्याच माणसाला चारचौघांत उघड्यावर पाडलं, आणि तेही एका अक्षरासाठी, असं त्यांना वाटलं.

पुढचं सगळं खिडकीवर झालं. कारकून म्हणाला, दोन मार्ग आहेत. गाडी पुन्हा रंगवा, रंगाची नोंद पहिल्यापासून करा आणि पुढच्या तपासणीला आणा. ती कधी ते विचारू नका. किंवा गाडी राहू द्या आणि अर्जातलं नाव गाडीसारखं करा. ती किरकोळ दुरुस्ती, इथल्या इथे होते. काकांनी लाल पेन पुढे केलं. काकूंनी ते घेतलं नाही. त्यांनी कारकुनाचं पेन मागून घेतलं, अर्जातल्या ध ची गाठ खोडली आणि वरची मोकळी फट एका छोट्या रेघेने बुजवली. रेघ सरळ आली. सही झाली, शिक्का बसला, आणि 'घाव ड्रायव्हिंग स्कूल' ही संस्था कायदेशीररीत्या अस्तित्वात आली.

घरी आल्यावर काकांनी बऱ्याच गोष्टी बोलायचं ठरवलं होतं. माफी मागायची होती. काकूंनी त्यांच्यापुढे जेवण वाढलं, आपलंही घेतलं, आणि उद्याचे धडे कुठल्या रस्त्यावर घ्यायचे याचा विचार करत जेवल्या. रागावल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. रागात चुका सापडतात, आणि त्या सुधारता येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षिका बाई आल्या. काका गॅलरीत होते; गाडीच्या जवळ जायची त्यांना बंदी नव्हती, पण ते स्वतःहूनच वर थांबले होते. शिक्षिका बाईंनी दार वाचलं, तो ओघळ वरून खालपर्यंत पाहिला आणि हँडलवरचा हात मागे घेतला.

"काकू, मला आधीच भीती वाटते," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही हे असं नाव काढलंत? घाव?"

काकूंनी गॅलरीकडे बघितलं. काका मागे सरकले, पण पुरेसे सरकले नाहीत.

"घाव ह्यांचा आहे," काकू म्हणाल्या. "गाडी माझी आहे. बसा."

शिक्षिका बाई बसल्या. गाडी सुरू झाली, एकदा बंद पडली, पुन्हा सुरू झाली आणि हळूहळू फाटकाबाहेर गेली. काका कठडा धरून उभे राहिले. काकूंचं ते बोलणं त्यांनी सवयीने मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासून पाहिलं. त्यात कुठेही चूक नव्हती.